ज्येष्ठांसाठी सुलभ रस्ते आणि बागा : पीएच.डी. संशोधनाच्या संधी

नोव्हेंबर महिना आला की बँकेत पेन्शनरांची गर्दी होत असे. हयातीचा दाखला द्यायला सगळ्यांना यावे लागे. आम्ही ज्या शाखेत नोकरीची शेवटची काही वर्षे काढली, तिला रस्त्यावरून चढायला पाच पायऱ्या होत्या आणि धरायला कठडा नव्हता. ऐंशीच्या पुढचे काही जण रिक्षातून उतरून खालच्या पायरीवरच बसत. आम्ही फॉर्म आणि शाईचा पॅड घेऊन खाली जात असू, सही किंवा अंगठा घेत असू आणि "काकांना आता चढवत नाही" असे म्हणून वर येत असू. आपण चांगली सेवा दिली, असे समाधानही वाटे. त्या जागेच्या भाडेकरारावर आमचीच शिफारस होती. भाडे, क्षेत्रफळ, तिजोरीची भिंत, शटर, सगळे तपासले होते. पायऱ्या मात्र मोजल्या नव्हत्या.

आता आम्हीही त्याच वयाकडे चाललो आहोत. मंडळाच्या कार्यक्रमांना पूर्वी नेमाने येणारी किती तरी मंडळी हल्ली दिसत नाहीत. विचारले की घरचे सांगतात, "वय झाले, आता बाहेर पडत नाहीत." बहुतेक वेळा हे उत्तर अर्धवट असते. पाय थकलेले असतात हे खरे. पण घरापासून कार्यक्रमाच्या जागेपर्यंत बसायला एकही बाक नसतो, पदपथावर दुचाकी लावलेल्या असतात आणि चौक ओलांडायला उसंत मिळत नाही, हेही तितकेच खरे. यातले किती वयामुळे आणि किती रस्त्यामुळे, हे शास्त्रीय पद्धतीने मोजता येते. जगातल्या अनेक विद्यापीठांत यावर पीएच.डी. करता येते. आपल्या सभासदांच्या घरी वास्तुकला, नगररचना, डिझाइन, फिजिओथेरपी, समाजकार्य किंवा गृहविज्ञान शिकणारी मुले-मुली, नातवंडे आहेत. त्यांना या विषयाची ओळख व्हावी, म्हणून हा लेख.

विषय नेमका काय आहे?

इंग्रजीत याला 'इन्क्लुझिव्ह डिझाइन' म्हणतात. मराठीत सर्वसमावेशक रचना म्हणता येईल. धडधाकट माणूस डोळ्यापुढे ठेवून रस्ता, बाग किंवा बसथांबा करायचा आणि मग वृद्धांसाठी काही तरी वेगळे जोडायचे, अशी ही पद्धत नाही. काठी घेऊन चालणारा, कमी दिसणारा, थोडे चालून बसावे लागणारा आणि बाबागाडी ढकलणारी आई, या सर्वांचा विचार आराखड्याच्या पहिल्या रेषेपासून करायचा, असा तिचा अर्थ. घराच्या आतल्या सोयींवर बरेच लिहिले गेले आहे. आपण येथे घराच्या उंबरठ्यापलीकडच्या जागेबद्दल बोलतो आहोत.

यामागचा एक पायाभूत विचार अमेरिकेतील पॉवेल लॉटन आणि ल्युसिल नाहेमो यांनी १९७३ मध्ये मांडला. त्यांचे म्हणणे असे, की माणसाची क्षमता आणि परिसराची त्याच्याकडून असलेली मागणी या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. क्षमता घटली की तोच परिसर जड वाटू लागतो. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे, तर कर्ज थकले म्हणजे कर्जदार नालायक ठरत नाही. त्याची परतफेडीची क्षमता आणि आपण ठरवलेला हप्ता यांचा मेळ बसला होता का, हे आधी पाहावे लागते. उत्पन्न वाढवणे आपल्या हाती नसते, पण हप्ता बदलता येतो. तसेच गुडघे पुन्हा तरुण होत नाहीत, पण पायरीची उंची बदलता येते.

आकडे काय सांगतात?

रस्ता ओलांडण्याचेच उदाहरण घेऊ. ब्रिटनमध्ये पादचारी सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे धरले जाई. इंग्लंडच्या आरोग्य पाहणीतील ६५ वर्षांवरील तीन हजारांहून अधिक लोकांची चाल तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर निघाला. ७६ टक्के पुरुष आणि ८५ टक्के स्त्रिया १.२ मीटरच्या खाली होत्या.

याचा हिशेब करून पाहा. बारा मीटर रुंद रस्त्याला १.२ च्या वेगाने दहा सेकंद लागतात. ०.८ च्या वेगाने चालणाऱ्या आजी दहा सेकंदांत आठ मीटरपर्यंत पोचतात. उरलेले चार मीटर त्यांना सुटलेल्या वाहनांसमोरून चालावे लागतात. दोन-तीन वेळा असे झाले की त्या बाजूला जाणेच बंद होते. मग आपण म्हणतो, वय झाले.

उताराचे गणितही सोपे आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार साधारण एकास बारा या प्रमाणात असावा, असे मानले जाते. आमच्या शाखेच्या पाच पायऱ्यांची एकूण उंची पाऊण मीटर धरली, तर नऊ मीटर लांबीचा उतार लागला असता. तेवढी जागा समोर नव्हती. म्हणजेच तो प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी विचारायला हवा होता. नंतर विचारून उपयोग नव्हता.

ब्रिटनमध्ये झालेले काम

या विषयातला एक महत्त्वाचा प्रकल्प म्हणजे 'इन्क्लुझिव्ह डिझाइन फॉर गेटिंग आउटडोअर्स'. त्याचे लघुरूप 'आय'ड गो' असे वाचले जाते, म्हणजे "मी जाईन". तेथील अभियांत्रिकी आणि भौतिक विज्ञान संशोधन परिषदेच्या निधीतून तो २००४ मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्यात एडिंबरा, सॅल्फर्ड आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स येथील संशोधन केंद्रे एकत्र आली. दुसरा टप्पा २००७ ते २०१२ असा चालला. त्यात वसाहतींतील घरालगतच्या मोकळ्या जागा, वाहनांचा वेग कमी करून रहिवाशांना प्राधान्य दिलेले रस्ते आणि अंध व्यक्तींसाठी पदपथावर बसवलेल्या उंचवट्यांच्या फरशा, असे तीन वेगळे प्रश्न घेतले होते.

हा तिसरा प्रश्न लक्षात घेण्यासारखा आहे. अशा फरशांची कल्पना जपानच्या सेइची मियाके यांची. त्या प्रथम १९६७ मध्ये ओकायामा शहरात बसवल्या गेल्या. आता आपल्याकडे रेल्वे आणि मेट्रो स्थानकांवर पिवळ्या फरशा दिसतात, त्या याच. अंध व्यक्तीला ज्या उंचवट्याने दिशा कळते, तोच उंचवटा तोल सांभाळत चालणाऱ्या वृद्धाला कसा वाटतो? एकाची सोय दुसऱ्याला अडचण ठरते का? चांगल्या हेतूने केलेली गोष्टही तपासून पाहावी लागते. संशोधनाचे काम तेथूनच सुरू होते.

याच वर्तुळातील एलिझाबेथ बर्टन आणि लिन मिचेल यांचे 'इन्क्लुझिव्ह अर्बन डिझाइन : स्ट्रीट्स फॉर लाइफ' हे पुस्तक २००६ मध्ये आले. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना रस्ते कसे दिसतात, यावरून त्यांनी सहा कसोट्या मांडल्या: ओळखीचा परिसर, सहज उमगणारी रचना, वेगळी ओळख देणाऱ्या खुणा, पोचण्याची सुलभता, आराम आणि सुरक्षितता. आपल्या जुन्या भागात राहणाऱ्यांना हे लगेच पटेल. कोपऱ्यावरचे देऊळ, पिंपळाचा पार, जुन्या दुकानाची पाटी, यांच्या आधारानेच विसरभोळे झालेले आजोबा घरी परततात. त्या खुणा एका रात्रीत पुसल्या गेल्या, तर ओळखीच्या गल्लीतही माणूस हरवतो.

एडिंबरा येथील 'ओपनस्पेस' हे केंद्र २००१ पासून याच विषयावर काम करते. कॅथरीन वॉर्ड थॉम्पसन यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. पुढे तेथील एका प्रकल्पात ज्येष्ठ स्वयंसेवकांनी मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारी शिरपट्टी घालून गजबजलेल्या आणि हिरव्या रस्त्यांवरून फेरी मारली. "बागेत गेले की बरे वाटते" हे सगळेच म्हणतात. ते मोजून पाहण्याचा तो प्रयत्न होता.

आपल्याकडे काय शिल्लक आहे?

२००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. तिच्यातील आठ विषयांपैकी पहिलाच विषय बाहेरच्या जागा आणि इमारती हा आहे. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सार्वत्रिक सुलभतेची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असे सांगितले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे किमान निकष नुसत्या शिफारशी न ठेवता बंधनकारक करावेत, असा आदेश दिला.

म्हणजे नियमांची वानवा नाही. पण आपल्या हवामानाला आणि आपल्या वागण्याला लागू पडणारे ज्ञान अजून जमवायचे आहे. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेत वर्दळीच्या पादचारी भागांत साधारण पन्नास मीटरच्या आत बसायला जागा असावी, असे म्हटले आहे. वडोदऱ्यात मे महिन्यात हे अंतर किती असावे? तेथे उन्हात बाक ठेवतात, येथे सावलीत हवा. चकचकीत दगडाचा बाक दुपारी तापतो आणि संध्याकाळी उशिरापर्यंत गरम राहतो. चप्पल आणि नऊवारी किंवा पाचवारी साडी घालून चालणाऱ्या बाईची पावले बूट घालून चालणाऱ्या बाईसारखी पडतात का? स्वच्छतागृह जवळ नाही म्हणून किती स्त्रिया पाणी न पिता बाहेर पडतात, किंवा पडतच नाहीत? पोळांतले ओटले हीच पूर्वी ज्येष्ठांची बसण्याची जागा होती. घरे नव्याने बांधताना ओटले गेले, तेव्हा संध्याकाळच्या गप्पा कुठे गेल्या? यातील प्रत्येक प्रश्नात एका प्रबंधाचे बीज आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीच्या पुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. २०५० पर्यंत दर पाच माणसांमागे एक जण साठीच्या पुढचा असेल, असा अंदाज आहे. आज हा विषय घेणाऱ्याला पुढची तीस वर्षे काम कमी पडणार नाही.

भारतात पीएच.डी. : कुठे आणि कशी?

आपल्या जवळचीच नावे आधी पाहू. अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ आणि राष्ट्रीय डिझाइन संस्था येथे डॉक्टरेटचे अभ्यासक्रम आहेत. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वास्तुकला विभाग आहे, आणि कुटुंब व समाजविज्ञान विद्याशाखाही आहे. भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये सार्वत्रिक रचनेवर काम झाले आहे. इंदूरकरांना ते सोयीचे. मुंबईत आयआयटीचे आयडीसी डिझाइन स्कूल आहे. समाजकार्याच्या अंगाने जायचे असेल, तर टाटा समाजविज्ञान संस्था आहे. लोकसंख्येच्या अंगाने जायचे असेल, तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. या शेवटच्या संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची मोठी पाहणी केली. तिची माहिती संशोधकांना उपलब्ध आहे, त्यामुळे सगळे स्वतःच गोळा करावे लागत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम थोडक्यात असे:

• ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी, किंवा चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांसह. आरक्षित आणि दिव्यांग गटांना सवलत आहे.

• मुदत किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना दोन वर्षे जास्त मिळू शकतात.

• सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचा अभ्यासक्रम. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधनातील नीतिनियम शिकवतात.

• अर्धवेळ पीएच.डी. करता येते. नोकरी असेल, तर मालकाचे ना हरकत पत्र लागते.

• ज्या प्राध्यापकांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे, ते नवा विद्यार्थी घेऊ शकत नाहीत. मार्गदर्शक निवडताना हे आधी विचारावे.

प्रवेशासाठी नेट परीक्षेचे गुण जून २०२४ पासून अधिक महत्त्वाचे झाले आहेत. ज्यांना कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळते, त्यांना पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये मिळतात. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. आयआयटीत डिझाइनसाठी सीड आणि वास्तुकलेसाठी गेट या परीक्षांचे गुण पाहतात. जेआरएफला वयाची अट आहे, पीएच.डी.ला आयोगाने कमाल वय घातलेले नाही. तेव्हा आमच्या वयाच्या एखाद्या निवृत्त अभियंत्याने मनावर घेतले, तर दार बंद नाही.

परदेशात जायचे असेल तर

ब्रिटनमध्ये एडिंबरा, सॅल्फर्ड आणि शेफील्ड ही नावे आधी पाहावीत. तेथे प्रवेशाची रीत वेगळी आहे. आधी आपल्या विषयाचे मार्गदर्शक शोधायचे, त्यांचे लेख वाचायचे, दोन-चार पानांचा संशोधन प्रस्ताव पाठवायचा आणि त्यांनी रस दाखवला की रीतसर अर्ज करायचा. शंभर प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवणे म्हणजे कागदपत्रांशिवाय कर्जाचा अर्ज करणे. तो कोणी वाचत नाही.

पैशाचे मात्र आम्ही बँकवाल्याच्या स्पष्टपणाने सांगतो. तेथील संशोधन परिषदांच्या शिष्यवृत्तीची किमान रक्कम २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड होती. २०२१ पासून काही जागा परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत. परंतु परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क जास्त असते, आणि परिषद स्थानिक विद्यार्थ्याइतकेच शुल्क भरते. वरचा फरक विद्यापीठ माफ करते का, हे लेखी विचारून घ्यावे. पदवीनंतरच्या एक-दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी कर्ज काढणे आणि चार वर्षांच्या पीएच.डी.साठी कर्ज काढणे यांत फार अंतर आहे. निधी नसलेली जागा मिळाली, तर घर गहाण टाकण्याआधी एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करावा, असे आमचे मत आहे. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्जशिष्यवृत्ती आणि अनुसूचित जातींसह काही गटांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, या दोन्हींचे नियम जरूर पाहावेत.

वडोदऱ्याच्या लोकांना शिष्यवृत्तीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. ज्या सयाजीरावांनी ती दिली, त्यांनीच १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी लोकांसाठी कमाटीबाग उभी केली. विद्या आणि बाग या दोन्ही गोष्टी त्यांनी प्रजेच्या हक्काच्या मानल्या.

विषय कसा निवडावा?

"वडोदऱ्यातील ज्येष्ठांसाठी बागा" हा विषय ऐकायला चांगला, पण प्रबंधासाठी फार पसरट आहे. त्याऐवजी असा प्रश्न घ्यावा: जुन्या वस्तीत राहणाऱ्या सत्तरीच्या पुढच्या स्त्रिया घरापासून किती अंतरापर्यंत एकट्या जातात, आणि वाटेत सावलीत बसायला जागा मिळाली तर ते अंतर वाढते का? यात माणसे ठरली, जागा ठरली आणि काय मोजायचे तेही ठरले. बाक ठेवण्यापूर्वी मोजा, ठेवल्यावर पुन्हा मोजा आणि बाक न ठेवलेल्या तशाच दुसऱ्या गल्लीशी तुलना करा.

विषय नक्की करण्यापूर्वी शोधगंगा पाहावी. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात भारतीय विद्यापीठांचे प्रबंध मोफत वाचता येतात. आपला प्रश्न कोणी आधीच सोडवला आहे का, आणि कुठपर्यंत, हे तेथे कळते.

आपण काय करू शकतो?

अशा संशोधनाला प्रयोगशाळा फारशी लागत नाही. माणसे लागतात. संशोधक ज्येष्ठ व्यक्तीबरोबर तिच्या रोजच्या वाटेने चालतो, कुठे थांबली, कुठे काय धरले, कोणता कोपरा टाळला हे टिपतो आणि तिलाच कारण विचारतो. यासाठी आधी लेखी संमती घेतात, नाव गुप्त ठेवतात आणि कोणत्याही क्षणी नाही म्हणण्याची मुभा असते. अनोळखी संशोधकाला अशी माणसे मिळवताना महिने जातात. आपल्या मंडळाकडे ती आहेत.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. ज्यांच्या घरी या विषयात रस असणारी तरुण मंडळी आहेत, त्यांनी त्यांची नावे कार्यालयात कळवावीत. अर्ज, प्रस्ताव आणि खर्चाचा अंदाज यांत आम्ही आणि काही निवृत्त प्राध्यापक सभासद जमेल ती मदत करू. आणि ज्या ज्येष्ठांची संशोधकाबरोबर आपल्या वाटेने चालायची तयारी आहे, त्यांनीही नाव द्यावे. जे आता बाहेर पडत नाहीत, त्यांनी तर नक्की द्यावे. ते का पडत नाहीत, हे सांगणारा माणूसच संशोधकाला सर्वात अधिक शिकवतो.

आमच्या शाखेच्या पायरीवर बसणाऱ्या त्या काकांना आम्ही दर वर्षी फॉर्म दिला, पेन दिले, पाणीही दिले. "वर यायला काय अडते?" एवढे मात्र कधी विचारले नाही. ते काम आता आपल्या मुलांनी आणि नातवंडांनी करावे.